बटाट्यापासून बिजागरीपर्यंत

रविवार, १४ डिसेंबर

लखनौच्या मराठी मंडळाच्या सभेत आज बोलून बसलो. आता निस्तरणं आलं.

झालं असं, की दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळात बायकांचं हळदीकुंकू असतं आणि पुरुष मंडळी तेवढा वेळ व्हरांड्यात खुर्च्या टाकून पेन्शनवर बोलतात. यंदा पुरुषांसाठीही काहीतरी करा, असं अध्यक्ष हणमंतराव म्हणाले आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हणालो, प्रदर्शन करू. कसलं? तर रोजच्या वस्तूंचं. चमचा, फणी, गुंडी, साबण, बटाटा. प्रत्येकाचा इतिहास शेजारी लिहायचा. हणमंतरावांना आधी वाटलं मी सेल म्हणतोय.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते बिजागरीमुळे. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं. सुतार आला, बघून म्हणाला, "साहब, कब्ज़ा गया." मी दचकलो. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला कब्जा म्हटलं की आधी वकील आठवतो. तर कब्ज़ा म्हणजे बिजागरी. इतकी वर्षं लखनौत राहून मला हे ठाऊक नव्हतं. मग बिजागरी तरी कुठली म्हणून शोधायला बसलो, तर ती निघाली पोर्तुगीज. चावी पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, इस्त्री पोर्तुगीज. ज्या पगारावर घर उभं केलं तो पगारसुद्धा पोर्तुगीज. त्या दिवसापासून मला घरातली एकही वस्तू सरळ दिसत नाही. नात आर्या म्हणते, "आजोबा, चम्मच को ऐसे मत घूरो, डर जाएगा."

हणमंतराव शेवटी म्हणाले, मागची खोली घ्या, पण सोबत काम कोण करणार ते सांगा. मग एकच हात वर झाला, तो माणिकबाई मोहरील यांचा. या मूळच्या नागपूरच्या, जानकीपुरमला राहतात. तिथल्याच सरकारी औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत होत्या, आता निवृत्त. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मंडळात फारशा बोलत नाहीत. बिचाऱ्यांनी माझी कीव येऊन हात वर केला असणार.


गुरुवार, १८ डिसेंबर

माणिकबाई सकाळी स्कूटरवरून आल्या. धुकं एवढं होतं की फाटकाशी येईपर्यंत नुसता हॉर्न ऐकू येत होता. शाल, मफलर, हातमोजे आणि हेल्मेट, हे सगळं उतरवेपर्यंत चहा निवला. मग पिशवीतून एक सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्यापासून सुरू करा. मुंबईच्या बायकांचं माहीत नाही, पण आम्ही नागपूरच्या बांगडीत अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही."

बाई हुशार आहेत. मी बोलतो ते ऐकून घेतात आणि नको तिथे "वा वा" करत नाहीत. काट्याची गोष्ट सांगितली, की युरोपात एक राजकन्या लग्न होऊन व्हेनिसला गेली आणि सोन्याच्या काट्याने जेवायला लागली, तर तिथले धर्मगुरू खवळले. देवाने बोटं दिली असताना ही कोण लागून गेली? यावर बाई म्हणाल्या, "नव्या सुनेच्या जेवणावर सगळीकडेच लक्ष असते, नाही का?" या बाजूने मी विचारच केला नव्हता.

निघताना म्हणाल्या, "खटावकरजी, एक सांगायचं राहिलं. जानेवारीच्या शेवटी मी नागपूरला चालली. कायमची. माझा भाचा राघव, त्यानं त्याच्या वरचाच फ्लॅट पाहून ठेवला आहे. तिथं एकटी काय करून राहिली आत्या, म्हणतो."

मी म्हणालो, "काही हरकत नाही. प्रदर्शन अठराला आहे. त्यानंतर तुम्ही खुशाल जा."

त्या "हो न" म्हणाल्या आणि हेल्मेट घातलं. कप उचलायला आलेली आर्या दारात उभी होती. स्कूटर गेल्यावर मला म्हणाली, "आजोबा, आपको बस यही सूझा?" आता याहून काय सुचायला हवं होतं? तारखा जमतात, मुख्य प्रश्न मिटला. पंधरा वर्षांच्या मुलांना कशाचा राग येईल सांगता येत नाही.


सोमवार, २२ डिसेंबर

आज असा शोध लागला की दिवसभर पाय जमिनीवर नाहीत.

माणिकबाईंचा सोमवार असतो, म्हणून त्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. माझ्यासाठीही होती. खाता खाता मी एकेक जिन्नस ताटलीच्या कडेला काढायला लागलो. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, नावासकट पोर्तुगिजांनी आणलेला. आणि हिरवी मिरची, जिच्यावाचून आमच्या साताऱ्याकडे घास उतरत नाही, तीसुद्धा जहाजातून आलेली पाहुणी. साडेपाचशे वर्षांपूर्वी यातलं काही म्हणजे काही आपल्याकडे नव्हतं. मग लोक उपासाला खात काय होते? फ्रान्समध्ये म्हणे बटाट्याने महारोग होतो म्हणून त्यावर बंदी होती. तोच बटाटा आपल्याकडे आला आणि थेट देवाच्या उपासाला बसला. कांदा-लसूण बिचारे त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत, ते मात्र अजून दाराबाहेर.

मी उभा राहून हातवारे करत होतो बहुतेक, कारण सूनबाई शर्मिष्ठा बाहेर येऊन बघून गेली. माणिकबाई मात्र शांतपणे खात होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आपलं आपलं म्हणतो ते सगळं कधी ना कधी बाहेरूनच आलं असते. आलं न राहिलं, की झालं आपलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण कोणी राहा तर म्हणायला पाहिजे न."

पहिली दोन वाक्यं मी तिथल्या तिथे लिहून घेतली. उपासाच्या ताटाशेजारी मोठ्या अक्षरांत लावणार. तिसरं गाळलं, विषयाला सोडून होतं.


शनिवार, २७ डिसेंबर

मेट्रोने आलमबागला गेलो होतो, मी आणि माणिकबाई. छोट्या वस्तू ठेवायला बेकरीतल्या असतात तशा काचेच्या बरण्या हव्या होत्या. बरण्या मिळाल्या, शिवाय एका शिंप्याच्या सामानाच्या दुकानात जुन्या शिंपल्याच्या गुंड्या मिळाल्या, त्या बघून मला राहवेना. भर बाजारात, ई-रिक्षांच्या गोंगाटात, मी बाईंना गुंडीची गोष्ट सांगितली. मोहेंजोदडोच्या लोकांकडे शिंपल्याच्या सुबक गुंड्या होत्या. पण त्या नुसत्या शोभेला. कापडाला चीर देऊन, कडा शिवून केलेलं काज यायला युरोपात तेरावं शतक उजाडलं. हजारो वर्षं गुंडी होती आणि काज नव्हतं. केवढं हे वाट बघणं.

बाई म्हणाल्या, "काज बाजूलाच असेल. गुंडीच्या लक्षात आलं नसेल."

हे इतिहासाला धरून नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या इतक्या हसल्या की दुकानदारही हसायला लागला. मला विनोद कळला नाही, पण त्यांना हसताना बघून बरं वाटलं. मग एका ठिकाणी उभ्याने मटर चाट खाल्ली. माझ्या कोटाची मधली गुंडी गेल्या वर्षापासून नाही, ती त्यांनी मेट्रोत बसल्या बसल्या शिवून दिली. सेफ्टी पिनेबरोबर सुई-दोराही त्यांच्या पर्समध्ये असतो. गाडी हलत असताना इतके सारखे टाके घालणं सोपं नाही. त्या दोरा तोडायला वाकल्या तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, सुई टोचू नये म्हणून.


बुधवार, ३१ डिसेंबर

वस्तू आणायला जानकीपुरमला माणिकबाईंकडे गेलो. घर निम्मं खोक्यांत गेलं आहे. भिंतीवर तसबिरींच्या जागी चौकोन. हाक मारली तर आवाज घुमतो.

पण खोक्यांत काय खजिना निघाला. पितळी सोऱ्या, फिरकीचा तांब्या, वातीचा स्टोव्ह, त्यांच्या वडिलांची दाढीची वाटी. मी म्हणायचं "हे बांधू नका, हे हवं," आणि बाहेर काढायचं. जुना कुकर हाती लागला तेव्हा मी जमिनीवर बैठकच मारली. कुकर साडेतीनशे वर्षांचा आहे, यावर कोणाचा विश्वास बसेल? पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने केला आणि लंडनच्या शास्त्रज्ञांना त्यात शिजवून जेवू घातलं. बाई म्हणाल्या, आमच्या प्रयोगशाळेतला, उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह म्हणजे याचाच धाकटा भाऊ, आयुष्यभर त्याच्या शिट्ट्या सांभाळल्या. मग त्यांनी त्याबद्दल सांगितलं आणि मी ऐकत राहिलो. मी दुसऱ्याचं ऐकत बसलो, हे माझ्या बायकोने, पद्माने बघितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती. आठ वर्षं झाली तिला जाऊन. घरात वस्तूंबद्दल इतकं बोलणं त्यानंतर झालंच नव्हतं.

निघेपर्यंत बरीच खोकी पुन्हा रिकामी झाली होती. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "तुम्ही असंच काढत राहिले तर मी जाणार कशी?"

मी त्यांना शब्द दिला, की प्रदर्शन झालं की एकूण एक वस्तू स्वतः येऊन बांधून देईन. शिवाय स्टेशनवर पोचवायलाही येईन.

"किती चांगले आहात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. भांडी जरा जोरात वाजत होती.


शनिवार, ३ जानेवारी

छातीत भरल्यासारखं होतंय. जेवण नको वाटतं. काल बिजागरीवरचा मजकूर लिहायला बसलो तर एक ओळ सुचेना. मुलाने, विनयने, आज जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. ईसीजी स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?" मी म्हटलं, बुधवारपासून. "बुधवार को कुछ ख़ास हुआ था?" मी म्हटलं, काही नाही, एका ओळखीच्या बाईंकडे सामान बघायला गेलो होतो, त्या शहर सोडून चालल्यात. विनयने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं. पित्ताच्या गोळ्या दिल्यात.


शनिवार, १० जानेवारी

आज डोकं तापलं, आणि बरं झालं तापलं.

हणमंतरावांना विचारायला गेलो, की हळदीकुंकवाच्या वेळी माणिकबाईंना अधूनमधून हॉलमध्ये जाता येईल ना, दिवसभर खोलीत त्या एकट्या कशाला. ते घुटमळले. "खटावकर, आमची काही हरकत नाही हो. पण जुन्या बायका आहेत. त्यांना ते… सवाष्णींचं असतं ना." मी बाईंना फोन केला. त्या अगदी सहज म्हणाल्या, "दर वर्षी त्या रविवारी मी घरीच असते. यंदा प्रदर्शनामुळे यायला तरी मिळून राहिलं. म्हणूनच तर हात वर केला होता, असं समजा."

असं समजा म्हणजे आणखीही काही कारण असावं, पण मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मी संतापलो होतो. संक्रांतीचं वाण म्हणजे तरी काय? वाटी, डबी, चमचा, फणी. रोजच्या वस्तूच एकमेकींना देतात ना? मग आमच्या खोलीत तर वस्तूंचाच दरबार आहे. मी ठरवलं, की खोलीत येईल त्याला वाण मिळेल, बाई असो, बुवा असो, सवाष्ण असो नसो. आणि ते माणिकबाईंच्या हातून मिळेल.

वाण ठरलं फणी. कारण फणीसारखी दुसरी वस्तू नाही. इस्राएलमध्ये एक हस्तिदंती फणी सापडली, पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर एक अख्खं वाक्य कोरलंय. मुळाक्षरांच्या लिपीत लिहिलेलं माणसाचं सगळ्यांत जुनं वाक्य ते हेच म्हणतात. आणि त्यात काय असावं? राजाचं नाव नाही, देवाचं नाही. 'हा दात डोक्यातल्या आणि दाढीतल्या उवा काढो.' अक्षरं हाती आल्या आल्या माणसाने उवांबद्दल लिहिलं. किती जिवाभावाची गोष्ट आहे ही. फोनवर वाचून दाखवली तर माणिकबाई म्हणाल्या, "कोणाच्या तरी आईनं कोरून घेतलं असेल." मग पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असावी, थंडी फार आहे. अलीगंजच्या दुकानातून लाकडी फण्यांची अख्खी पिशवी घेऊन आलो. हणमंतरावांना टक्कल आहे, पण त्यांनाही देणार.


रविवार, १८ जानेवारी

अक्षर आज बरं येत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

प्रदर्शन झालं, आणि असं झालं की मंडळात आजवर झालं नसेल. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आर्याने दारावर हिंदी-मराठी फलक रंगवला होता. उपासाच्या ताटापाशी दोन काकू अक्षरशः भांडल्या, की साबुदाणा परदेशी असेल तर आजवरच्या आमच्या एकादश्यांचं काय. बिजागरीला मी एक छोटं दार बसवलं होतं, ते मुलांनी उघडून-मिटून दुपारपर्यंत निखळवलं. मला आनंदच झाला. आणि दाराशी माणिकबाई, मोरपिशी साडीत, प्रत्येकाला तिळगूळ आणि फणी देत होत्या. सुरुवातीला बायका लांबून बघत होत्या. मग हॉलमधल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या, हात पुढे करून म्हणाल्या, "मला दे गं वाण." त्यांच्या मागे रांग लागली. बाईंचा चेहरा मी बघितला. तो लिहायला मला जमणार नाही.

दुपारच्या छोट्या समारंभाला बँकेतले माझे जुने सहकारी मिश्राजी होते, शेजारपाजारची हिंदी मंडळीही बरीच होती, म्हणून मला हिंदीत चार शब्द बोलायला सांगितलं. माइक हॉललाही जोडलेला होता. कागद घरी राहिला होता, पण मन भरून आलं होतं. मी म्हणालो:

"ये छोटा-सा संसार मैंने और माणिकजी ने मिलकर बसाया है. एक-एक चीज़ हम दोनों ने साथ-साथ जोड़ी है. आप सब आज हमारा संसार देखने आए, हमें आशीर्वाद दीजिए."

मिश्राजींनी आणि हिंदी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आपली मराठी माणसं मात्र जागच्या जागी थिजली. हणमंतरावांचा तिळगूळ तोंडापाशीच थांबला. हॉलमधून बांगड्यांचा एकदम आवाज आला आणि मग कोणीतरी खुदकन हसलं. माणिकबाईंच्या हातून फण्यांची पिशवी सुटली. त्या मागच्या अंगणात निघून गेल्या.

माझं हिंदीतलं लिंग चुकलं असणार, असं मला वाटलं. संसार बसाया की बसायी? मी तोच विचार करत काटा-चमच्यापाशी उभा राहिलो. बाई परत आल्या, पण संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. डोळे लाल होते.

घरी येताना गाडीत आर्याला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, हिंदी में तो एकदम सही था. संसार मतलब दुनिया." मग मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि मला सात-आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून एक सबंध मराठी वाक्य ऐकू आलं: "पण मराठीत तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमचं लग्न झालंय."

विनयने गाडी बाजूला घेतली. त्याला हसू आवरत नव्हतं.


सोमवार, १९ जानेवारी

दिवसभर खोलीबाहेर गेलो नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात चालू आहेत. ही प्रदर्शनासाठी की कशासाठी, कळायला मार्ग नाही. हणमंतरावांचा फोन आला, "आधी सांगायचं ना राव, माणिकबाईंना हॉलमध्ये बोलावून वाण आम्हीच दिलं असतं." मी फोन ठेवला.

सवयीने शब्द शोधला. संसार म्हणजे मुळात सरणं, पुढे पुढे वाहत जाणं. हिंदीने त्याचं जग केलं. आपण त्याच शब्दात तवा, पोळपाट आणि चूल भरली आणि दोन माणसांना त्याच्यापुढे बसवलं. तीस वर्षं मी दोन्ही भाषा बोलतोय आणि हे मला एकदाही दिसलं नाही.

सकाळपासून मी स्वतःला विचारतोय, की मला लाज नेमकी कसली वाटते. एका भल्या बाईला चारचौघांत अवघडल्यासारखं केलं, याची तर वाटतेच. पण ती त्या मानाने थोडी आहे. खरं दुखतंय ते दुसरंच. मी बोललो ते चुकून बोललो, ते खरं नाही, हे दुखतंय. ते खरं असायला हवं होतं.

लिहून टाकलं. आता पुसणार नाही.

खिचडी, गुंडी, रिकामी खोकी, पित्ताच्या गोळ्या. देवा, मी काय माणूस आहे. पद्मा असती तर म्हणाली असती, "तुम्हाला घर जळून गेल्यावर धुराचा वास येतो."


बुधवार, २१ जानेवारी

विनयची गाडी घेऊन सगळ्या वस्तू परत द्यायला गेलो. शब्द दिला होता. सोबत खोकी, सुतळी आणि चिकटपट्टी नेली होती. आर्या शाळेला जाताना म्हणाली होती, "ऑल द बेस्ट," आणि मी म्हटलं होतं, सामान बांधायला कसलं ऑल द बेस्ट.

माणिकबाईंनी दार उघडलं. मी आधी कुकर आत नेऊन ठेवला, मग स्टोव्ह, मग तांब्या. शेवटी ठेवायला काही उरलं नाही.

"रविवारचं," मी म्हणालो, "तो हिंदीतला संसार होता."

"मला माहीत आहे न. मीही तीस वर्षं इथंच काढली."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

त्यांनी सोऱ्या उचलला, फडक्याने पुसला, पुन्हा खाली ठेवला. "कानाला कोणती भाषा आधी ऐकू येते, ते काय आपल्या हातात असते, खटावकरजी? पहिले मराठीतच ऐकू आलं. इतकं चांगलं वाटलं, की मग लक्षात आलं, हा माणूस हिंदीत बोलून राहिला. म्हणून गेली अंगणात."

मी खाली बसलो. त्या दिवशी कुकर सापडला तेव्हा बसलो होतो तिथेच. म्हणालो, "माणिकबाई, मला सांगता येत नाही. मी गुंडीवर दोन तास बोलू शकतो. ह्यावर दोन शब्द येत नाहीत. पण ते वाक्य मी आता मराठीत म्हणतो आहे."

"म्हणा न मग."

"हा संसार आपण दोघांनी मांडला आहे. मांडलेला मोडून तुम्ही नागपूरला जाऊ नका."

त्या पुन्हा सोऱ्या पुसायला लागल्या. बाहेर भाजीवाला मटार, मेथी ओरडत गेला. मला वाटलं, संपलं. मी चिकटपट्टी हातात घेतली, बांधायला सुरुवात करावी म्हणून. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "आलमबागच्या बाजारात मी काजाचं काय म्हटलं होतं, ते आत्ता कळलं का तुम्हाला?"

"रविवारपर्यंत नाही कळलं."

"बाप्पा, किती अभ्यास करता तुम्ही." आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मीही. दोघं पासष्टीच्या आसपासची माणसं, मोकळ्या भिंतींच्या घरात, फरशीवर बसून हसत होतो. मला वाटतं मी रडतही होतो. छातीत भरलेलं सगळं मोकळं झालं.

मी त्यांना सांगितलं, की विनय, सूनबाई, आर्या, सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, आर्याशी त्यांचं डिसेंबरपासून फोनवर बोलणं चालू आहे. आर्या त्यांना रोज सांगायची, "थोड़ा टाइम दीजिए, आजोबा स्लो हैं."

मग त्यांनी राघवला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "आत्या, ट्रकवाल्याला पक्कं सांगून टाकू न? एकतीस तारखेचं?"

"नको सांगू. मी येऊन नाही राहिली."

"काहून? काय झालं? तिथं आहे कोण तुझं?"

माणिकबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग अवतीभवती पसरलेल्या कुकर, स्टोव्ह, तांब्या, सोऱ्याकडे बघितलं.

"अरे, इथं संसार आहे माझा," त्या म्हणाल्या. अगदी स्वच्छ मराठीत.